चर्चमधील युद्धस्मारकावरच्या नावांचा शोध कसा घ्यावा

विदर्भातील एखाद्या जुन्या मिशनच्या चर्चमध्ये, मिशन शाळेच्या भिंतीत किंवा गावच्या चावडीपाशी महायुद्धाची फरशी बसवलेली असेल, तर तिच्यावर सहसा दोनपैकी एका प्रकारचा मजकूर असतो. सरकारी नमुन्याच्या फरशीवर या गावातून इतके पुरुष १९१४–१९१९ च्या महायुद्धावर गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढेच कोरलेले असते. तिच्यावर नाव नसते. चर्चने स्वतः बसवलेल्या फरशीवर मात्र मंडळीतील माणसांची नावे असतात, क्वचित हुद्दा आणि पलटणही असते. पुढील मार्गदर्शन मुख्यतः या दुसऱ्या प्रकाराविषयी आहे. मात्र पहिल्या प्रकारची फरशी हाती असली तरी गावातील कागदांची वाट तीच आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट लक्षात घ्यावी. अशा शोधात नाव हा सर्वांत कच्चा पुरावा असतो. भरतीच्या कारकुनाने ऐकून रोमन लिपीत लिहिलेले, पाळकांनी नोंदवहीत आपल्या पद्धतीने उतरवलेले आणि शेवटी पाथरवटाने जागेच्या हिशेबाने कोरलेले नाव तीन ठिकाणी तीन रूपांत सापडते. म्हणून फरशीवरील नाव संगणकावर टाकून शोधाची सुरुवात करू नये. आधी वडिलांचे नाव, गाव, तहसील, पलटण आणि शक्य झाल्यास सैनिकी क्रमांक गोळा करावा आणि मगच लष्करी नोंदींकडे वळावे. गावापासून निघालेला शोध पहिल्या महायुद्धाच्या रणभूमीपर्यंत, इराकमधील बसऱ्यापर्यंत पोचू शकतो. बसऱ्यापासून उलट निघालेला शोध बहुधा भलत्याच घरी जाऊन थांबतो.

फरशी वाचणे

फरशीला हात लावण्यापूर्वी पाळकसाहेबांची आणि चर्चच्या कमिटीची परवानगी घ्यावी, आणि ती शक्यतो लेखी असावी. अक्षरे उठून दिसावीत म्हणून त्यांत खडू, चुना, तेलरंग किंवा शेंदूर भरण्याची आपल्याकडे सवय आहे. ती कटाक्षाने टाळावी, कारण रंग एकदा दगडात मुरला की निघत नाही आणि पुढच्या रंगाऱ्याने चुकीचे वाचलेले अक्षर कायमचे खरे ठरते. ॲसिड किंवा तारेचा ब्रश लावणे तर फरशी पुसून टाकण्यासारखेच आहे. साधे पाणी आणि मऊ ब्रश पुरेसा असतो. त्यानंतर सकाळच्या किंवा उतरत्या उन्हात, अथवा अंधार पडल्यावर मोबाइलचा टॉर्च फरशीला जवळजवळ टेकवून बाजूने प्रकाश पाडून छायाचित्रे घ्यावीत. समोरून फ्लॅश टाकला की झिजलेले अक्षर नाहीसे होते; बाजूच्या प्रकाशात त्याच अक्षराच्या कडेला सावली धरते.

संगमरवरी फरशीवर शिशाची अक्षरे बसवलेली असतील तर एक वेगळी सोय असते. शिसे धरून राहावे म्हणून अक्षराच्या खोबणीत बारीक छिद्रे पाडलेली असतात आणि शिसे गळून पडले तरी ती छिद्रे राहतात. गळालेल्या अक्षराची छिद्रे शेजारच्या शाबूत अक्षरांच्या छिद्रांशी ताडून पाहिली, तर अक्षर कोणते होते याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. असा अंदाजाने वाचलेला भाग टिपणात चौकटी कंसात लिहावा आणि जे वाचता आले नाही तिथे टिंबे द्यावीत. विरामचिन्हे, संक्षेप आणि चुका जशा आहेत तशाच उतरवाव्यात. शुद्धलेखन सुधारण्याची ही जागा नव्हे.

फरशीवर १९१४–१९१८ ऐवजी १९१४–१९१९ असे असेल तर ती कोरणाऱ्याची चूक समजू नये. लढाई ११ नोव्हेंबर १९१८ रोजी थांबली, परंतु जर्मनीशी तह २८ जून १९१९ रोजी झाला, म्हणून त्या काळच्या अनेक स्मारकांवर दुसरे वर्ष आढळते. फरशीवर १९३९–१९४५ ची नावे खाली जोडलेली असल्यास कोरणीच्या धाटणीतला फरक टिपून ठेवावा, कारण कोणते नाव कोणत्या युद्धाचे, हे कधीकधी त्यावरूनच ठरते.

गावातले कागद

सर्वाधिक वेळ इथे द्यावा. चर्चच्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफन नोंदवह्या सर्वप्रथम पाहाव्यात. त्या स्थानिक चर्चमध्येच असतील असे नाही. विदर्भात स्कॉटिश मिशन, अमेरिकन मिशने आणि रोमन कॅथलिक संस्था वेगवेगळ्या भागांत काम करत होत्या. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या तिच्यात सामील झाल्या. त्यामुळे १९१४ साली हे चर्च कोणत्या मिशनकडे होते ते आधी विचारावे आणि त्या मिशनच्या जुन्या मुख्य ठाण्यात वह्यांची चौकशी करावी.

बाप्तिस्म्याच्या नोंदीत सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे आधीचे नाव. समजा, फरशीवर ‘शिपाई याकोब लक्ष्मण’ एवढेच आहे. नोंदवहीत याकोबाचा बाप्तिस्मा मोठेपणी झालेला दिसला आणि त्याचे पूर्वीचे नाव डोमा असेल, तर भरतीच्या वेळी त्याने कोणते नाव सांगितले, हा प्रश्न लगेच उभा राहतो. भरती आधीची आणि बाप्तिस्मा नंतरचा असेल तर लष्कराच्या कागदांत ‘डोमा वल्द लक्ष्मण’ असण्याचा संभव मोठा असतो, आणि याकोब या नावाने जगभरच्या याद्या चाळूनही काही हाती लागणार नाही. उलट मिशनच्या बोर्डिंगमध्ये वाढलेला मुलगा ख्रिस्ती नावानेच भरती झालेला असू शकतो. दोन्ही नावे टिपणात शेजारीशेजारी ठेवूनच पुढे जावे.

त्यानंतर तहसील कार्यालयातील कोतवाल बुक. गावोगावच्या जन्ममृत्यूच्या या नोंदी विदर्भातील माणसाला जातीच्या दाखल्यामुळे चांगल्या परिचित आहेत, आणि आपण रेकॉर्ड रूमच्या खिडकीशी उभे राहिलो की बाबूही तसेच गृहीत धरून कोणत्या जातीचा पुरावा हवा असे विचारतो. अर्जात हेतू स्पष्ट लिहावा, गावाचे नाव, मौजा आणि अपेक्षित वर्षे द्यावीत आणि रीतसर नक्कल मागावी. जन्माच्या नोंदीत बहुधा मुलाचे नाव नसतेच. अमुक वल्द तमुक यास मुलगा झाला, एवढेच असते. तरीही वडील आणि आजोबा यांची नावे आणि जन्मवर्ष मिळाले तर पुढच्या पडताळणीला भक्कम आधार होतो. परमुलखात मेलेल्या माणसाची मृत्यूनोंद कोतवाल बुकात सापडण्याची अपेक्षा करू नये. गावात मृत्यूची नोंद सापडली, विशेषतः १९१८ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधली, तर तो शिपाई रजेवर किंवा सुटून घरी आल्यावर इन्फ्लुएंझाच्या साथीत गेला असण्याची शक्यता तपासावी. मध्य प्रांत व वऱ्हाड हा त्या साथीने सर्वाधिक होरपळलेल्या प्रांतांपैकी एक होता.

शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर, जमिनीचे फेरफार आणि जुन्या नागपूर विभागातील मालगुजारी गावांचे मिसल बंदोबस्ताचे (जमीनमोजणी व सारा-आकारणीचे) कागद यांचाही उपयोग होतो. वारस फेरफाराच्या शेऱ्यात कधी ‘लढाईवर मयत’ अशी नोंद मिळते. मात्र फरशीवरील माणसे पुष्कळदा भूमिहीन घरांतली होती, त्यामुळे जमिनीच्या कागदांत ती नाहीत म्हणून गावातली नव्हती असा निष्कर्ष काढू नये.

म्हाताऱ्या माणसांना भेटताना यादी पुढे करून नावे वाचून दाखवू नयेत. ‘आजी, तुमच्या घरचं कोणी लढाईवर गेलं होतं का?’ इतकेच विचारावे आणि बोलू द्यावे. ‘आमचा मोठा आजा बसऱ्याले गेल्ता, मंग त्याची चिठ्ठीच आली नाई,’ अशा एका वाक्यात युद्धभूमी, नाते आणि बेपत्ता असल्याची सूचना, तिन्ही येतात. आपण आधी नाव सांगितले असते तर तेच नाव होकारासह परत मिळाले असते आणि त्याची किंमत शून्य झाली असती.

जिल्हे आणि स्पेलिंग

लष्करी नोंदीतील पत्ता त्या काळच्या प्रशासनाप्रमाणे असतो. वऱ्हाड म्हणजे अमरावती, अकोला, बुलढाणा आणि यवतमाळ हे चार जिल्हे. त्याच्या पूर्वेला मध्य प्रांतातील नागपूर, वर्धा, भंडारा आणि चांदा. एलिचपूर, बासिम आणि वणी हे जुने जिल्हे १९०५ मध्ये मोडले किंवा बदलले गेले, तरी त्याआधी जन्मलेल्या शिपायाच्या तोंडी आणि कारकुनाच्या लेखणीत ते टिकून होते. आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील गाव चांद्याखाली, गोंदियाचे गाव भंडाऱ्याखाली आणि वाशिमचे गाव अकोल्याखाली शोधावे लागते, कारण हे तीन जिल्हे अनुक्रमे १९८२, १९९९ आणि १९९८ मध्ये वेगळे झाले.

स्पेलिंग तर वेगळेच प्रकरण आहे. यवतमाळ हे वाय-ई-ओ-टी-एम-ए-एल असे, अमरावती ए-एम-आर-ए-ओ-टी-आय असे आणि अचलपूर हे ई-एल-एल-आय-सी-एच-पी-यू-आर असे लिहिलेले असते. प्रांताचे नाव बहुधा फक्त सी. पी. (मध्य प्रांत) किंवा बेरार (वऱ्हाड). खैरी, बोरगाव, पिंपळगाव, सोनेगाव या नावांची गावे तहसीलोतहसील आहेत, म्हणून केवळ गावाचे नाव जुळले म्हणून समाधान मानू नये; तहसील जुळली पाहिजे. गाव आता रीठ (ओसाड) पडले असेल किंवा गोसीखुर्दसारख्या धरणाच्या पाण्याखाली गेले असेल, तर पुनर्वसित गावाच्या नव्या नावाने काहीच सापडणार नाही.

व्यक्तिनावांबाबत निदान चार-पाच रूपांची यादी आधी करून ठेवावी. लक्ष्मण हा लक्षुमन, लछमन, लक्समन अशा रूपांत येतो. तुळशीराम, विठोबा, झिंगरू यांची रूपे तर कारकुनाच्या कानावर अवलंबून असत. आडनाव पुष्कळदा नसतेच.

कमिशनची नोंद

युद्धात मेलेल्यांची सर्वांत मोठी खुली यादी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची आहे. ही संस्था १९१७ मध्ये इंपीरियल वॉर ग्रेव्हज कमिशन म्हणून स्थापन झाली आणि १९६० मध्ये तिचे नाव बदलले. तिच्या संकेतस्थळावर शोध घेताना एकेरी भारतीय नाव आडनावाच्या रकान्यात टाकावे आणि पहिल्या नावाचा रकाना रिकामा ठेवावा. सैन्य म्हणून भारतीय सेना निवडावी. यापेक्षा फलदायी मार्ग असा की, नाव अजिबात न देता अतिरिक्त माहितीच्या रकान्यात जिल्ह्याचे किंवा तहसिलीचे जुने स्पेलिंग टाकावे. ‘अमुकचा मुलगा, अमुक गाव, तहसील, जिल्हा’ अशा धर्तीची माहिती जिथे नोंदवलेली आहे तिथे ती याच रकान्यात असते. मिळालेली संपूर्ण यादी उतरवून घ्यावी आणि ती चर्चच्या फरशीशी ताडून पाहावी. एका नावासाठी बसलेल्याला या मार्गाने तालुक्यातील इतरही माणसे सापडतात, आणि तेच या कामातले खरे सुख आहे.

पहिल्या महायुद्धासाठी कमिशनची मुदत ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ अशी आहे. या काळात सेवेत असताना आजाराने गेलेलाही त्यात येतो. लढूनच मेला पाहिजे अशी अट नाही. सुटून घरी आल्यानंतर मेलेल्या माणसाच्या बाबतीत मात्र मृत्यूचे कारण सेवेशी जोडलेले असल्याचे दाखवावे लागते.

नोंदीत स्मारकाचे नाव आले म्हणजे तिथे नाव कोरलेले आहेच असे नाही. मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) मरण पावलेल्या आणि कबर नसलेल्या चाळीस हजारांहून अधिक जणांसाठी बसरा स्मारक १९२९ मध्ये उभे राहिले. परंतु त्यावर भारतीय शिपायांची नावे कोरली गेली नाहीत, पलटणीखाली केवळ संख्या देण्यात आली आणि नावे वह्यांत राहिली. फ्रान्समधील नव-शापेल येथील १९२७ च्या स्मारकावर मात्र ४,७०० हून अधिक भारतीयांची नावे आहेत. दिल्लीच्या इंडिया गेटवर तेरा हजारांवर नावे आहेत, आणि भारतात मरण पावून ज्यांच्या कबरींची निगा राखता येत नाही अशा १,८०० हून अधिक जणांचे स्मारक पुण्याजवळ खडकीला आहे. ख्रिस्ती शिपायाच्या बाबतीत दहनाऐवजी दफन झाले असण्याचा संभव असल्याने स्मारकांबरोबर दफनभूमींच्या याद्याही जरूर पाहाव्यात.

फरशीवर १९६२, १९६५ किंवा १९७१ ची नावे असतील, तर ती या कमिशनच्या कक्षेत येत नाहीत. स्वातंत्र्योत्तर हुतात्म्यांची नावे २५ फेब्रुवारी २०१९ रोजी दिल्लीत उद्घाटन झालेल्या राष्ट्रीय युद्ध स्मारकाच्या त्यागचक्रावर आहेत आणि तीही संकेतस्थळावर शोधता येतात.

पलटण आणि पदक

मराठी माणूस म्हणजे मराठा पलटण, असे धरून चालू नये. वऱ्हाडातला माणूस ११० किंवा ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणीत असू शकतो, पण १९१७ मध्ये उभ्या राहिलेल्या आणि १९२१ मध्ये मोडलेल्या १११ महार पलटणीत असू शकतो, किंवा दुसऱ्या महायुद्धात, १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला पुन्हा उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटमध्ये असू शकतो, जिची दुसरी बटालियन १९४२ मध्ये कामठीला उभी राहिली. मिशनच्या दवाखान्यात काम शिकलेला तरुण पलटणीऐवजी जखमींच्या डोल्या वाहणाऱ्या बेअरर कोअरमध्ये किंवा लष्करी इस्पितळात गेलेला असू शकतो. खेचर दल, रसद, भिस्ती, सफाईवाला, मजूर, हे सगळे युद्धावर गेलेलेच. फरशीवर हुद्दा नाही म्हणून तो शिपाईच असावा असे परस्पर लिहू नये. १९२२ मध्ये पलटणींची पुनर्रचना होऊन जुने क्रमांक गेले, त्यामुळे ११७ मराठा आणि पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पाचवी बटालियन या एकाच पलटणीच्या दोन पिढ्या आहेत, हे ध्यानात ठेवावे.

घरात पदक असेल तर त्याच्या दर्शनी भागापेक्षा त्याची कड महत्त्वाची. पहिल्या महायुद्धाच्या पदकाच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि तुकडी बारीक अक्षरांत ठोकलेली असते. भिंगाखाली पदक हळूहळू फिरवत वाचावे आणि कडेची चार बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. घासून चकचकीत करू नये, कारण ब्रासोच्या दोन-तीन दिवाळ्यांत क्रमांक निघून जातो. ब्रिटिश वॉर मेडल लढाऊ सैनिकांना चांदीचे आणि मजूर तुकड्यांतील अनेकांना ब्राँझचे मिळाले. चांदीचे पदक अडीअडचणीला सोनाराकडे जाणे घराघरांत घडले; म्हणूनच ब्राँझचे पदक टिकून राहिलेले दिसते आणि ते कमी प्रतीचे समजून बाजूला टाकू नये. सुमारे १२ सेंटिमीटर व्यासाची जाड ब्राँझची चकती, तिच्यावर ब्रिटानिया (ब्रिटनचे स्त्रीरूप प्रतीक), सिंह आणि चौकटीत फक्त नाव, अशी वस्तू सापडली तर ती पहिल्या महायुद्धातील मृताच्या वारसांना पाठवलेली स्मृतिचकती होय. तिच्यावर हुद्दा नसतो, परंतु ती घरात असणे हाच मृत्यूचा सबळ पुरावा आहे.

पलटण आणि मृत्यूची तारीख कळल्यावर लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजमधील युद्धदैनंदिन्या पाहता येतात. त्यांत साध्या शिपायाचे नाव सहसा नसते. त्या दिवशी पलटण कुठे होती, काय करत होती, एवढे कळते. ११० आणि ११७ मराठा पलटणींच्या बाबतीत मेसोपोटेमियातील कुत-अल-अमाराचा वेढा, म्हणजे ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ हा काळ, विशेष तपासावा. त्यानंतरच्या तारखेचा मृत्यू कैदेतला असू शकतो. भारतात दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे अभिलेख पटल हे संकेतस्थळ आणि नागपूरचे पुराभिलेखागार ही दोन ठिकाणे प्रांतिक पत्रव्यवहारासाठी पाहावीत. लाहोरला जतन झालेल्या आणि अलीकडे संगणकावर आलेल्या सैनिकांच्या नोंदवह्या पंजाबपुरत्याच आहेत. त्यांत वऱ्हाडातले गाव शोधून वेळ दवडू नये.

नाव सापडत नाही तेव्हा

कमिशनच्या यादीत नाव नाही, याचा अर्थ तो माणूस मेला नाही किंवा गेलाच नाही असा होत नाही. कमिशनच्या विशेष समितीने २०२१ च्या अहवालात स्वतःच मान्य केले की, मुख्यतः पूर्व आफ्रिका आणि इजिप्तमधील निदान १,१६,००० मृतांची, आणि ही संख्या साडेतीन लाखांपर्यंतही असू शकते, नावानिशी किंवा अजिबातच नोंद झाली नाही. बिनलढाऊ माणसांच्या बाबतीत ही शक्यता अधिक धरावी.

अशा माणसाची नोंद करून घेण्यासाठी कमिशनकडे अर्ज करता येतो. सेवा, मृत्यूची तारीख आणि ती मुदतीत बसत असल्याचा समकालीन कागद लागतो. केवळ घरातली हकिगत चालत नाही. चर्चच्या फरशीचे छायाचित्र, पाळकांच्या सहीची नोंदवहीची नक्कल, चकती किंवा पेन्शनचा कागद एकत्र जोडावा आणि देवनागरी कागदांसोबत इंग्रजी भाषांतर द्यावे.

उलट प्रकारही होतो: एकाच नावाची तीन माणसे यादीत निघतात. अशा वेळी वडिलांचे नाव, गाव व तहसील आणि पलटण यांपैकी निदान दोन गोष्टी जुळल्याशिवाय ‘हाच तो’ असे लिहू नये. एकच जुळत असेल तर ‘संभाव्य’ असा शेरा द्यावा आणि काय जुळले, काय जुळले नाही, ते दोन्ही नमूद करावे. गावात शूर पूर्वज सर्वांनाच हवा असतो. त्या आग्रहापुढे शेरा बदलू नये.

नोंद लिहिताना

प्रत्येक माणसासाठी एक पान ठेवावे. वर फरशीवरचे नाव जसेच्या तसे, खाली इतर कागदांतली रूपे, आणि प्रत्येक विधानापुढे ते कोणत्या कागदावरून घेतले ते लिहावे. जातीचा उल्लेख जुन्या कागदांत जागोजाग येतो. तो पडताळणीपुरता आपल्या वहीत ठेवावा आणि जाहीर फलकावर घराण्याच्या संमतीशिवाय आणू नये. हयात वारसांचे पत्ते आणि फोन क्रमांक तर मुळीच छापू नयेत.

मूळ फरशीवर नवी अक्षरे कोरणे किंवा चुकलेले नाव दुरुस्त करणे टाळावे. दुरुस्ती हवी असेल तर शेजारी वेगळा फलक लावावा, त्यावर नावाचे कोणते रूप घालायचे ते घरच्या माणसांना ठरवू द्यावे, आणि संपूर्ण टिपणाची एक प्रत चर्चच्या नोंदवह्यांसोबत, एक ग्रामपंचायतीत आणि एक जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पोच घेऊन द्यावी.